नागपुरात रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारताना: उपकरणं घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या खोलीत, गच्चीवरच्या बांधकामात किंवा भाड्याच्या गाळ्यात छोटा स्टुडिओ उभारू पाहणारे जे विचारतात, त्याची ही उत्तरं. नागपूरचं ऊन, इथली काळी माती, इथली घरं आणि इथे रेकॉर्ड होणारं संगीत डोळ्यांसमोर ठेवून ती दिली आहेत. खोलीची मापं फुटांत आहेत. जो माल बाजारात मिलिमीटरने मिळतो, तो मिलिमीटरमध्ये.

पहिल्यांदा काय घ्यावं, माइक की इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं खोकं)?

मोजपट्टी आणि वही. खोलीची लांबी, रुंदी, उंची, दार-खिडक्यांच्या जागा आणि प्लग पॉइंट कागदावर काढा. त्याच पानावर लिहा: एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं एकत्र वाजवणार आणि गाणार? कोणती वाद्यं? दिवसा की रात्री? एसी, इंटरफेस, केबल, खोलीचा आकार, सगळं या उत्तरांवर ठरतं. माइक आधी घेतला आणि खोलीत पंखा, फ्रिज, रस्ता सगळंच ऐकू येऊ लागलं, तर तो चांगला असूनही बदलावासा वाटतो. दोष खोलीचा असतो, पैसे माइकवर खर्च होतात.

आम्हाला किती इनपुट लागतील?

एकटा गायक आणि तयार ट्रॅक असेल, किंवा व्हॉइसओव्हर, पॉडकास्ट करायचं असेल तर 2 इनपुट पुरतात. चूक होते ती मंडळींच्या रेकॉर्डिंगला. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन रेकॉर्ड करायचंय असं धरा: मुख्य आवाज 1, मागचे साथीदार 2, पेटी 1, तबला-डग्गा 2, ढोलक 1, खंजिरी 1, टाळ 1. झाले 9. म्हणजे 8 इनपुटचा इंटरफेस एकाने कमी पडतो. टाळकऱ्याला साथीदारांच्याच माइकसमोर, पण चार फूट मागे उभं केलं तर एक माइक वाचतो आणि टाळही बोचत नाही. भीमगीतांच्या संचात कीबोर्डचे स्टिरिओ 2 आणखी धरा.

पुढे वाढायचा विचार असेल तर इंटरफेसवर ADAT चं (एका ऑप्टिकल केबलवरून अनेक चॅनल आणणारं) इनपुट आहे का ते बघा. त्यातून 48 किलोहर्ट्झवर आणखी 8 चॅनल घेता येतात, 96 किलोहर्ट्झवर फक्त 4. आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. '18 इन' लिहिलेल्या इंटरफेसवर माइकची प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारी सर्किटं) 8 किंवा त्याहून कमीही असू शकतात, बाकीचे लाइन आणि डिजिटल असतात. माइकची भोकं मोजा.

खोली कशी निवडावी? 10 बाय 10 ची बेडरूम चालेल का?

लांबी, रुंदी आणि उंची सारखी असणं ही सगळ्यात वाईट स्थिती. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की त्या दिशेला खोली कोणत्या सुरावर घुमणार ते कळतं. 12 फूट लांबीला तो आकडा 47 हर्ट्झ, 10 फुटांना 56. आपल्याकडचा स्लॅबही बहुधा साडेनऊ-दहा फुटांवर. म्हणून 10 बाय 10 बाय 10 मध्ये तिन्ही दिशा 56 वर एकत्र घुमतात. बेस गिटारची ए तार नेमकी 55 हर्ट्झला लागते. ती छेडली की खोली गर्जते, शेजारचा सूर मात्र गायब होतो. त्याच्या दुपटीला, 112 च्या आसपास, पुरुषी आवाजाचा खर्ज असतो. तोही फुगतो.

घरात पर्याय असेल तर 10 बाय 10 सोडून 10 बाय 13 किंवा 11 बाय 14 ची खोली घ्या, भले ती हॉल असो. तिन्ही मापं एकमेकांच्या पटीत नसावीत: 10 उंची आणि 20 लांबी हीही अडचणीचीच जोडी.

मजल्याचाही विचार करा. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडतो. नवतप्यात तिथे एसीला दम मिळत नाही. टिनाचं छत असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंग बंदच. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, त्यामुळे बाहेरचा आवाज अडतो, पण लाकडी पाटईवरून वरच्या माणसाचं पाऊल न् पाऊल खाली उतरतं. तळमजला किंवा मधला मजला, पश्चिमेची भिंत उघडी नसलेली खोली, ही नागपुरात सगळ्यात सोयीची.

खोली शांत आहे की नाही, कसं कळणार?

कान सवयीने फसतात, म्हणून रेकॉर्ड करा. रिकाम्या खोलीत फोन ठेवून कामाच्या दिवशी सकाळी 10 ते 12, संध्याकाळी 7 ते 9 आणि रात्री उशिरा आवाज टिपा, मग हेडफोन लावून ऐका. लग्नसराईत एकदा आणि गणपतीच्या दिवसांत एकदा ऐकलं तर उत्तमच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक ज्या भागांतून जाते, तिथे त्या दिवशी काम ठेवू नये.

वर्धा रोडवरची मेट्रो, सोनेगाव विमानतळाची वाहतूक आणि रेल्वे या तिन्हींचा त्रास वेगवेगळा. विमान जातं आणि संपतं. टेक परत घेता येतो. रेल्वेची धडधड जमिनीतून येते, 30-40 हर्ट्झची, आणि ती भिंतीवर काहीही लावून जात नाही. अजनीजवळ किंवा रुळांलगत जागा बघत असाल तर जमिनीवर ताटात पाणी ठेवून गाडी जाताना बघा. पाणी थरथरलं तर ती जागा नको. अशा जागी तरंगती (मूळ जमिनीपासून रबर-स्प्रिंगने सुटी ठेवलेली) जमीन बांधावी लागते आणि ते घरगुती काम नाही.

भिंतीला फोम लावला की आवाज बाहेर जाणार नाही ना?

जाईल. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. आवाज अडवणं आणि खोलीतला आवाज नीट करणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचा मालही वेगळा. अडवण्यासाठी वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात आणि दोन भिंती एकमेकींपासून सुट्या ठेवाव्या लागतात. फोमला वजनच नसतं.

नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत बोलण्या-गाण्यासाठी पुरेशी असते. चार इंची भिंत कमी पडते आणि एएसी ब्लॉकची त्याच जाडीची भिंत विटेहून हलकी म्हणून आणखी कमी. शेजाऱ्याकडची भिंत कमकुवत असेल तर आतून दुसरी भिंत उभी करा: मूळ भिंतीपासून एक इंच सोडून 50 मिमीचा पत्र्याचा सांगाडा, त्यात 50 मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर 12.5 मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्यावर न येतील असे, आणि कडेने न वाळणारा सीलंट. सांगाडा मूळ भिंतीला एकाही स्क्रूने टेकता कामा नये. टेकला की तिथून आवाज पार होतो. एका भिंतीमागे चार इंच जागा जाते. चारही बाजूंनी केलं तर 10 बाय 12 ची खोली 9 फूट 4 इंच बाय 11 फूट 4 इंच उरते. हे आधीच नकाशात धरा.

मग दारं-खिडक्यांचं काय?

तिथेच बहुतेक आवाज गळतो. 3 फूट बाय 7 फूट दाराखाली अर्धा इंच फट असेल तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या 0.6 टक्का होते. एवढ्या फटीमुळे ते दार कितीही जाड केलं तरी 22 डेसिबलच्या पुढे आवाज अडवू शकत नाही. म्हणून आधी फट, मग दार. 40-45 मिमी भरीव फ्लश डोअर, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर गॅस्केट, खाली दार बंद होताना टेकेल असा लाकडी उंबरठा आणि त्यावरही रबर. जुन्या घरात उंबरठा असेल तर तो काढू नका. दार बंद केल्यावर चारही बाजूंनी कागदाची पट्टी अडकली पाहिजे; कुठे सहज सरकली तर तिथे गॅस्केट पुन्हा लावा.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या कधीच बंद होत नाहीत, फक्त झाकल्या जातात. 18 मिमी प्लायचे दोन थर, मध्ये रॉकवूल, कडेने गॅस्केट असा काढता-घालता येणारा ठोकळा खिडकीत बसवा. खिडकी कायमची चिणू नका. आग लागली तर दुसरी वाट हवी. कंट्रोल रूम आणि गाण्याची खोली यांच्यामध्ये काच ठेवायची असेल तर दोन काचा, एक 8 मिमी आणि एक 12 मिमी, वेगळ्या चौकटींत. जाडी सारखी असली तर दोन्ही एकाच सुरावर कापतात.

खोलीच्या आतून नेमकं किती आणि काय लावायचं?

10 बाय 12 च्या खोलीचं उदाहरण घेऊ. 48 किंवा 64 किलो घनतेच्या रॉकवूलच्या पाट्या घ्या. त्या साधारण 1000 बाय 600 बाय 50 मिमी मापात येतात, म्हणून पॅनलही त्याच मापाचे करा, कापाकाप वाचते.

पुढच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत पाट्या तिरक्या उभ्या: एका कोपऱ्याला तीन पाट्या उंचीत, दोन थर, म्हणजे 6, दोन कोपऱ्यांना 12. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी (स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानाकडे वळतो तिथे) एकेक पॅनल 100 मिमी जाडीचं: 4 पाट्या. बसायच्या जागेवर छताला दोन पॅनल: 4 पाट्या. मागच्या भिंतीला 150 मिमीची तीन पॅनल: 9 पाट्या. एकूण 29, फुटतूट धरून 32 मागवा. मागचे कोपरेही मोकळे असतील तर आणखी 12. शक्य तिथे पॅनलमागे दोन ते चार इंच मोकळी जागा सोडा. त्याच पाट्या खालच्या सुरांवर जास्त काम करतात, एक रुपयाही जास्त न लागता.

पहिल्या परावर्तनाची जागा आरशाने सापडते. तुम्ही बसायच्या खुर्चीवर बसा, दुसऱ्याला भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलची खूण. पॅनलचा मध्य त्या खुणेवर.

चौकटींचं लाकूड लकडगंजमध्ये, कापड गांधीबागेत मिळेल. चौकटीला वाळवीचं औषध दोनदा मारा. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज पार झाली पाहिजे. मांजरपाट चालतो, रेक्झिन चालत नाही. रॉकवूलवर आधी काळा नॉन-वोव्हन टिश्यू, मग कापड, म्हणजे तंतू झडत नाहीत. काम करताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. छतावरची पॅनल लोखंडी अँकर हुकवरच टांगा. प्लास्टिकचे गिट्टे स्लॅबमधून निसटतात आणि पॅनल खाली बसलेल्याच्या डोक्यावर येतं.

अंड्यांचे ट्रे, गाद्या, एक इंची फोम?

ट्रे लावू नका: वरच्या थोड्या पट्ट्यापलीकडे परिणाम नाही आणि ते पटकन पेटतात. एक इंची फोमने चारही भिंती झाकल्या तर वरचे सूर मरतात, खालचे तसेच घुमत राहतात. आवाज दबलेला आणि तरीही गडगडीत येतो. पैसे नसतील तोवर मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट आणि गायकाच्या पाठीमागे दोरीवर टांगलेल्या दोन जाड गोधड्या, भिंतीपासून फूटभर सोडून. फोमपेक्षा हे बरं.

स्पीकर आणि खुर्ची कुठे?

खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करा. खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर; 12 फुटांच्या खोलीत साडेचार फुटांच्या थोडं पुढे. हा शेवटचा शब्द नव्हे, सुरुवातीचा बिंदू आहे. तिथून सहा-सहा इंच पुढे-मागे सरकून बेस ऐका. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे खालचा सूर नाहीसा होतो. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, उच्चस्वर देणारा ट्वीटर कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे चार फूट. स्पीकर टेबलावर थेट ठेवले की टेबलही वाजतं. स्टँड किंवा घट्ट फोमचे ठोकळे लागतातच. डाव्या-उजव्या भिंतींपर्यंतचं अंतर सारखं ठेवा, नाहीतर स्टिरिओ एका बाजूला कलतो.

10 बाय 12 ला पाच इंची स्पीकर पुरेत. यामाहा एचएस 5 सारख्या स्पीकरऐवजी आठ इंची घेतले तर खाली जास्त बेस मिळतो, पण तो बेस ही खोली सांभाळू शकत नाही.

व्होकल बूथ हवाच का?

बहुतेकांना नको. 4 बाय 4 फुटांच्या पेटीत आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि उन्हाळ्यात गायकाला पंधरा मिनिटांत घुसमटायला होतं. तीच जागा मोठ्या खोलीत ठेवा, गायकाच्या पाठीशी आणि बाजूंना 4 बाय 6 फुटांचे सरकते पडदे करा: एका बाजूला प्लाय, दुसऱ्या बाजूला 100 मिमी रॉकवूल. गाणारा आणि तबलावादक एकाच वेळी आणि वेगवेगळ्या ट्रॅकवर स्वच्छ हवे असतील तेव्हाच दुसरी खोली.

उन्हाळ्यात कूलर चालेल ना? एसी परवडत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर चालणार नाही. पंख्याचा आणि पाण्याचा आवाज तर येतोच, त्याहून मोठा त्रास आर्द्रतेचा. ओल लागली की तबल्याची पुडी उतरते, सूर खाली येतो. एसी लावून हवा कोरडी झाली की चढतो. सकाळी कूलरमध्ये बसलेला तबला दुपारी एसीत आणला तर तासभर हातोडीच चालते. वाद्यं रेकॉर्डिंगच्या खोलीत अर्धा-पाऊण तास आधी आणून ठेवा, मग लावा. कूलर बाहेरच्या बसायच्या खोलीत खुशाल ठेवा.

इन्व्हर्टर स्प्लिट एसी घ्या. दीड टन 10 बाय 12 ला, त्यातही छताचा मजला असेल तर. आतलं युनिट माइकच्या जागेपासून सगळ्यात दूरच्या भिंतीवर, वारा गायकाकडे न येईल असं. टेकच्या आधी खोली दोन अंश जास्त गार करा, टेकच्या वेळी पंखा कमीत कमी वेगावर. बाहेरचं युनिट स्टुडिओच्याच भिंतीवर टांगू नका. टांगावं लागलंच तर ब्रॅकेटखाली जाड रबर.

आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवते. फटी बुजवलेल्या खोलीत पाच माणसं तासभर बसली की डोकं जड होतं. ताज्या हवेसाठी आतून रॉकवूल लावलेली, दोन वळणांची पेटी बांधून तिच्या दूरच्या टोकाला हळू फिरणारा पंखा बसवा. एक हवा आत आणणारी, एक बाहेर सोडणारी. हे सुताराला भिंती बंद करायच्या आधी सांगावं लागतं.

स्पीकरमधून घूं घूं येतं. अर्थिंगमुळे येतं म्हणतात, खरं का?

बऱ्याचदा खरं. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने प्लगवर तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ 10-20 व्होल्ट दाखवत असेल किंवा फेज-अर्थ भलतंच कमी असेल, तर अर्थिंग नावापुरतं आहे. अशा जागी एकही महागडं यंत्र लावू नका.

नागपुरात एक खास गोष्ट घडते. इथली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, सळईपासून सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. जानेवारीत उत्तम असलेलं अर्थिंग मेमध्ये खराब मापं देतं. म्हणून माप मेमध्ये घ्या. स्टुडिओसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करताना वर पाणी घालायची नळी आणि झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात दर काही दिवसांनी पाणी घाला. तो घरच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलाच हवा. दोन वेगळी अर्थिंग सुटी ठेवणं धोक्याचं आणि त्यानेच घूं घूं वाढते. आवाज जात नाही म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणं, हे कधीही करू नका. जीव जातो.

अर्थिंग ठीक असूनही घूं घूं राहिली तर सगळी ऑडिओ यंत्रं एकाच बोर्डावर आणा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडीचा डिमर बंद करून बघा. गिटारमध्ये येणारी किरकिर बहुधा यांचीच असते.

वायरिंग आणि बॅकअप?

तीन सर्किट वेगळी: एसी, दिवे-पंखे, ऑडिओ. ऑडिओला 2.5 चौ. मिमी तांब्याची वायर आणि 16 अँपिअरची एमसीबी, एसीला 4 चौ. मिमी. वर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). तीन फेज असतील तर ऑडिओ सगळा एकाच फेजवर. दीड टन एसी आणि बाकी यंत्रं मिळून मंजूर भारात बसतात का ते महावितरणच्या बिलावर बघून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर ऑडिओ चालवू नका, त्यातही जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर. कॉम्प्युटर 300 वॉट, स्क्रीन 40, इंटरफेस 15, स्पीकर 100, म्हणजे 455 वॉट. एक केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस याला पुरतो आणि काम सेव्ह करून बंद करायला वेळ देतो. त्याचा पंखा वाजतो, तो खोलीबाहेर ठेवा. रोहिणी-मृगाच्या वादळांत विजा पडतात. सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढा.

माइकच्या केबलसाठी भिंत बंद करण्याआधी दोन इंची पाइप टाका, आत ओढायची दोरी ठेवा. विजेची वायर आणि माइकची केबल फूटभर लांब. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

कोणता माइक घ्यावा?

खोली तयार नसेल तर डायनॅमिक (जवळचाच आवाज पकडणारा दणकट माइक), तयार असेल तर कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा, इंटरफेसकडून 48 व्होल्ट लागणारा). पहिल्या संचासाठी एक मोठ्या डायाफ्रामचा कंडेन्सर आणि दोन-तीन शुअर एसएम 57 जातीचे डायनॅमिक एवढ्यात तबला, ढोलक, गिटारचा अँप, बरंच उरकतं. शुअर एसएम 7 बी मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: हळू आवाजाला त्याला 60 डेसिबलच्या आसपास गेन (इंटरफेसने सिग्नल वाढवणं) लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथे खरखरतात.

खंजिरी हे अवघड वाद्य. तिच्या चकत्यांचा टोकदार आवाज जवळच्या कंडेन्सरला फोडतो. माइक दोन-तीन फूट लांब, वादकाच्या खांद्याच्या उंचीला, आणि पॅडचं (माइकची पातळी कमी करणारं) बटण लावून. पेटीला माइक वरून, पट्ट्यांपासून फूट-दीड फूट. भात्याच्या बाजूला ठेवला तर श्वासच रेकॉर्ड होतो. पावसाळ्यात कंडेन्सर माइक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

हेडफोन, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर?

रेकॉर्डिंगला बंद पाठीचे हेडफोन, नाहीतर ट्रॅक माइकमध्ये गळतो. बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहममध्ये येतो. लॅपटॉप आणि छोट्या इंटरफेसला 80 घ्या. मंडळ असेल तर चार तोंडांचा हेडफोन अँपही यादीत हवा, तो सगळे विसरतात.

कॉम्प्युटरला 16 जीबी रॅम, सिस्टीमला एक एसएसडी आणि गाण्यांना दुसरी. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर एक ट्रॅक तासाला साधारण 518 एमबी घेतो. वरच्या भजनाचे 9 ट्रॅक तासाला साडेचार जीबीच्या वर जातात. म्हणजे दुसरी प्रत ठेवायची डिस्कही आजच धरा. बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तेवढा आवाज) 128 सॅम्पल ठेवला तर एका बाजूचा उशीर 2.7 मिलिसेकंद होतो, गायकाला जाणवत नाही. सॉफ्टवेअरला घाई नको: रीपर 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, लॉजिक प्रो फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं.

तीन लाख आहेत. कशावर किती?

कॉम्प्युटर हाताशी आहे आणि आतली दुसरी भिंत बांधायची नाही, असं धरून: खोलीचं काम, दार-खिडकी आणि पॅनल 80 हजार, अर्थिंग, वायरिंग, यूपीएस 40, एसी 45, इंटरफेस 25, स्पीकर आणि स्टँड 40, माइक 30, हेडफोन, केबल, माइक स्टँड, पॉप फिल्टर 25, हाताशी 15. लोकांना पहिल्या तीन ओळी बघून वाईट वाटतं, कारण 1 लाख 65 हजार गेले आणि दाखवायला एकही यंत्र नाही. तरी हाच क्रम ठेवा. इंटरफेस दोन वर्षांनी विकून मोठा घेता येतो. रंग, फर्निचर झाल्यावर भिंत फोडून पाइप टाकता येत नाही.

रात्री रेकॉर्डिंग केलं तर शेजारी तक्रार करू शकतात का?

करू शकतात. 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. ढोलक वाजत असताना शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये स्वतः जाऊन ऐका, उपकरणं घेण्याआधीच. फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

जुनी उपकरणं घ्यावीत का?

डायनॅमिक माइक, स्टँड आणि रॅक खुशाल घ्या. कंडेन्सर घेताना 48 व्होल्ट लावून, गेन वाढवून, पाच मिनिटं शांततेत ऐका. मधूनच फटफट आवाज आला तर आत ओल गेली आहे. इंटरफेसची प्रत्येक भोकं आणि प्रत्येक गेनचं बटण फिरवून बघा, आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर अजून मिळतो का ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर तपासा. स्पीकर जोडीनेच आणि बिलासह.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा काय रेकॉर्ड करावं?

शांतता. सगळे माइक लावा, एसी चालू, दिवे चालू, गेन गाण्याच्या पातळीला, आणि दोन मिनिटं कुणी बोलू नका. मग एकेक ट्रॅक मोठा करून ऐका. 50 आणि 100 हर्ट्झचं घूं घूं असेल तर विजेकडे परत जा, वाऱ्याचा सर्र आवाज असेल तर एसीच्या पात्यांची दिशा बदला, फक्त एकाच ट्रॅकवर खरखर असेल तर ती केबल बाजूला काढून तिच्या पिन तपासा: 1 शील्ड, 2 आणि 3 सिग्नल. त्यानंतर तबलावादकाला बोलवा, डग्ग्यावर एकेक थाप देत त्याला खोलीभर फिरवा, आणि जिथे डग्गा सगळ्यात मोकळा वाजतो तिथे जमिनीवर टेपने खूण करा. वाद्यं त्या खुणेवर बसतील.